पुणे–नागपूर विमानाने, बडनेरा वगळून

नागपूर–पुणे रेल्वेने म्हणजे अख्खी रात्र आणि वर सकाळही. आईच्या गुडघ्यांना आता ते झेपत नाही, म्हणून या वेळी तिला पुण्याला आणताना विमानाचं तिकीट काढलं. हडपसरच्या आमच्या कंपनीत विदर्भातले इतके लोक आहेत की अंतर-वेळ कोणीतरी विचारतंच. एकदाचं लिहून टाकतो.

सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या थोडं वर. हवेत साधारण सव्वा तास. ऐकून हुरळून जाऊ नका, हडपसरहून मुंढवा, खराडीमार्गे लोहगावचा विमानतळ गाठायलाच कधीकधी तेवढा वेळ लागतो. रिक्षावाले म्हणाले, "विमान उशिरा सुटेल साहेब, ट्रॅफिक मात्र वेळेवर असतं." तिकीट आधी काढलं तर परवडतं, दिवाळीत विचारूच नका. विमानतळावर खाण्यापेक्षा नागपुरात उतरून तर्री-पोहे खा.

आता खरी अडचण. रेल्वे वाटेत बडनेऱ्याला थांबते. तिथे आईची थोरली बहीण, माझी मावशी, राहते. काका अंथरुणाला खिळल्यापासून तिला घर सोडता येत नाही, आणि आईचे गुडघे हे असे. त्यामुळे आई पुण्याला निघाली की मावशी जेवण घेऊन फलाटावर येते. गाडी थांबते तेवढा वेळ दोघी खिडकीतून बोलतात. बहिणींची भेट तेवढीच.

"मावशीला कळवलंस ना?" नागपूरला पोचल्यावर मी विचारलं.

"सांगतलं नं, शनिवारी निघतो म्हणून," म्हणत आई बॅग भरायला लागली.

विमानात तिला खिडकी दिली. सुटताना माझा हात घट्ट धरला, वर गेल्यावर मजेत खाली बघत बसली. मग म्हणाली, "बडनेरा गेलं का रे?"

"कधीच गेलं असेल."

तरी ती काचेला कपाळ लावून मागे बघत राहिली.

संध्याकाळी लोहगावला उतरून टॅक्सीने घरी निघालो. खराडीच्या सिग्नलला अडकलो असताना तिचा फोन वाजला. मावशीचा आवाज ड्रायव्हरलाही ऐकू गेला असेल. "गाडी लागली वं! कोणत्या बोगीत हायेस? मी इंजिनापासून पाहून राहिली!"

"ताई, मी पुण्यात पोचली," आई हळूच म्हणाली. "विमानानं."

पलीकडे चहावाल्यांचा गलका चालूच होता. त्यातूनच मावशी म्हणाली, "सांगतलं काऊन नाही?"

"तुहं गाव सोडून जातो, हे कसं सांगू तुले?" आई रडायलाच लागली.

मला आधी तिचाच राग आला. मग स्वतःचा. मावशीला एक फोन करायला माझे काय हात मोडले होते?

मावशी मात्र हार मानणारी नाही. गाडी सुटायच्या आत तिने जेवणाची पिशवी पुण्याला निघालेल्या एका बाईंच्या हाती दिली आणि माझा नंबरही. दुसऱ्या दिवशी मी पुणे स्टेशनवर ती पिशवी आणायला निघालो, तर आई हट्टाने सोबत आली. जिनासुद्धा चढली. "तुमच्या बहिणीने शपथ घालून दिलंय हो," बाई म्हणाल्या. भाजी आंबली होती. पोळ्या-ठेचा आईने तिथेच बाकावर बसून खाल्ला.

तर मंडळी, विमान उत्तम आहे, बिनधास्त जा. आईचं परतीचं तिकीट मात्र रेल्वेचं काढतोय, खालचा बर्थ. मी मोबाइलवर नागपूर टाकत होतो, तेवढ्यात ती मागून म्हणाली, "नागपूर नको टाकू. बडनेऱ्यापर्यंतच काढ. या वेळी मी उतरतो."