पोशेऱ्याची कॅसेट

नाशिकहून जव्हारची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक जड टेपरेकॉर्डर होता आणि पायाशी पिशवीत चार कोऱ्या कॅसेट. त्र्यंबकला देवदर्शनाची माणसं उतरली आणि त्यांच्या जागी कोंबड्या, पत्र्याच्या पेट्या आणि बाजाराची गाठोडी चढली. शेजारी येऊन बसलेल्या बाईंनी टेपकडे पाहून विचारलं, "लगीन हाय का?" मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नसावं, कारण मोखाड्याला उतरेपर्यंत त्या अधूनमधून माझ्या साडीकडे पाहत होत्या.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. मी नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवत असे आणि एका कॅसेटसाठी चालले होते.

परदेशातला एक गट होता. दोन बहिणी गाणाऱ्या, दोन पुरुष वाजवणारे. गटाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की वाचणाऱ्याला त्यांचं ते एकच डिस्को गाणं आठवेल आणि पुढचं सगळं त्याच ठेक्यावर वाचलं जाईल. आम्ही नाशिकमधले पाच जण गेली दहा वर्षं महिन्यातून एकदा जमून त्यांची बाकीची गाणी ऐकत होतो. संथ गाणी, तीन मात्रांची, ज्यांत ढोल नाही, फक्त पियानो आणि दोन आवाज. ती फारशी कुणाला ठाऊक नव्हती. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत लेख आला की या गटानं लोकांचे पाय हलवले, याहून जास्त काही केलं नाही. दोन आठवड्यांनी त्यावर एक पत्र छापून आलं. 'माझ्याकडे यांची एक कॅसेट आहे. तिच्यात नाचाचं एकही गाणं नाही. लेखकांनी ती ऐकलेली नसावी.' खाली सही होती : काशिनाथ, प्राथमिक शिक्षक, साखरशेत, तालुका जव्हार.

मी त्यांना लिहिलं. त्यांनी गाण्यांची यादी पाठवली. नावं त्यांना ठाऊक नव्हती, म्हणून खुणा लिहिल्या होत्या. 'तिसरं : बाई खिडकीपाशी बसून बोलते आहे असं वाटतं. चौथं : घरातलं कुणीतरी सामान बांधतं आहे.' यातली दोन आमच्यापैकी कुणीही ऐकली नव्हती. मुंबईतल्या दुकानांतही अशी कॅसेट मिळत नव्हती. गुरुजींनी लिहिलं, या, कॉपी करून न्या.

जव्हारला दुपारी पोचले. हवा थंड, ऊन मात्र कडक. स्टँडवर भजी-पाव खाल्ला आणि साखरशेतच्या जीपमध्ये बसले. जीपमध्ये पंधरा माणसं होती आणि ड्रायव्हरनं लावलेलं गाणं होतं त्याच डिस्को गाण्यावरून उचललेलं एक हिंदी गाणं. हे मूळ कुणाचं आहे, असं मी त्याला सांगितलं.

"असंल," तो म्हणाला. "हळदीला ह्याच्यावरच नाचत्यात सगळी."

"त्यांचीच हळू गाणीही आहेत. साखरशेतच्या गुरुजींकडे कॅसेट आहे."

"काशिनाथ गुरुजी? ते नाय आता हिकडं. बदली झाली. दिवाळीच्या आधीच गेलं पोशेऱ्याला."

पोशेरा मोखाडा तालुक्यात. म्हणजे सकाळी ज्या रस्त्यानं आले त्याच रस्त्यानं अर्धं मागं. त्यांचं पत्र बहुधा माझ्या पत्राला चुकलं होतं. तरीही साखरशेतपर्यंत गेले, कारण जीप मध्ये कुठं वळणार नव्हती. भात झोडून झालं होतं, शेतांत नुसते सड उरले होते आणि उतारांवर नागलीच्या (नाचणीच्या) कणसांचे ढीग वाळत होते. शाळेच्या ओट्यावर बसून पाणी प्याले आणि त्याच जीपनं परतले. जव्हारहून मोखाडा, मोखाड्याहून दुसरी जीप. पोशेऱ्याला उतरले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता.

काशिनाथ गुरुजी पस्तिशीचे, बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले. मला पाहून त्यांनी आधी टेप हातातून घेतला आणि मग नमस्कार केला. त्यांच्या पत्नी यमुनावहिनींनी पाण्याचा तांब्या दिला. घर दोन खोल्यांचं, कुडाचं (कारवीच्या काठ्यांच्या, शेणानं सारवलेल्या भिंतींचं). रात्री जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि सुकटीची चटणी होती. "शहरात भेटंल का असली भाकर?" वहिनींनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता दुसरी वाढली.

जेवताना गुरुजींनी कॅसेटची हकिगत सांगितली. ते मूळ दाभोशाचे. शिक्षकाच्या कोर्सला जायच्या आधी दोन वर्षं भिवंडीकडे कॅसेट भरायच्या एका कारखान्यात कामाला होते. चुकलेला माल कधीकधी कामगारांना मिळायचा. ही कॅसेट तशीच मिळालेली. तिच्यावर कागद भजनाचा चिकटला होता.

"घरी आणून लावली. आई म्हणाली, हे कसलं भजन? मी म्हटलं, असेल लांबच्या देवाचं." ते हसले. "वर्षभर मला माहीतच नव्हतं गाणारे कोण. दाभोशाला लाइट नव्हती. सेल उतरले की उन्हात ठेवायचो, मग अर्धी बाजू वाजायची. पुढे एका मित्रानं सांगितलं की हे त्या डिस्कोवाल्यांचं. मी भांडलो त्याच्याशी. म्हटलं, हे लोक तसलं गाणारच नाहीत."

आम्ही पाच जण त्या नाचाच्या गाण्याकडून वाट काढत इथवर आलो होतो. या माणसाला ती वाट चालावीच लागली नव्हती.

त्या रात्री वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी रविवारी गुरुजींना पोलिओच्या डोसांच्या कामावर पाड्यांवर (वस्त्यांवर) जायचं होतं. निघताना त्यांनी कॅसेट माझ्या हातात दिली.

"लाइट दहाला येते, कधी अकराला जाते. आली की करून घ्या. माझी वाट बघू नका."

दहा वाजता दिवा लागला. टेपरेकॉर्डर माझा नव्हता. दोन कॅसेटचा म्हणून वसंतरावांकडून, आमच्या पाचांतल्या एकाकडून, मागून आणला होता. मी पाहिलेल्या यंत्रांत डावीकडची कॅसेट वाजते आणि उजवीकडे भरली जाते. याच्यात उलट होतं. ते वसंतरावांनी सांगितलं होतं आणि मी मानही डोलावली होती. घाई इतकी झाली की कॅसेट मागं फिरवून घेण्याचंही सुचलं नाही. गुरुजींची कॅसेट उजवीकडे हवी होती ती डावीकडे घातली, कोरी उजवीकडे, आणि बटण दाबलं.

विकत मिळणाऱ्या कॅसेटच्या पाठीवरचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडलेले असतात, म्हणजे तिच्यावर चुकून काही भरलं जात नाही. ही कारखान्यातली चुकीची कॅसेट. तिचे तुकडे शाबूत होते. मी पाहिलं नव्हतं.

गाणं का ऐकू येत नाही हे कळायला मला चाळीसेक सेकंद लागले. मग लक्षात आलं की माझी कोरी कॅसेट वाजते आहे आणि तिची शांतता त्यांच्या कॅसेटवर भरली जाते आहे. बटण बंद केलं. मागं घेऊन ऐकलं. चौथं गाणं, सामान बांधणाऱ्या घराचं, सुरू होऊन दोन ओळी होत होत्या, आणि मग काहीच नव्हतं. पुढे मध्येच एक ओळ अर्ध्यातून उगवत होती.

यमुनावहिनी अंगणात नागली पाखडत होत्या. त्यांना काही कळलं नव्हतं. मी दोन्ही कॅसेटच्या जागा बदलल्या आणि सगळी नीट माझ्या कॅसेटवर उतरवून घेतली, त्या रिकाम्या जागेसकट. काम मी चोख केलं.

एक वाजता गुरुजी आले. "झालं?"

"झालं," मी म्हटलं.

त्यांनी कॅसेट घेतली, सदऱ्याला पुसली आणि फळीवर ठेवली. लावून पाहिली नाही. वीज गेली होती. जेवण झालं. मी आभार मानले. तीनच्या जीपनं मोखाड्याला निघाले.

मोखाड्याच्या स्टँडवर नाशिकची गाडी उभीच होती. चढून बसले, पण कंडक्टरनं घंटी द्यायच्या आधी मी खाली उतरले. फार विचार करून उतरले असं म्हणता येणार नाही. गाडीत बसल्यावर समोरच्या जाळीवर टेप ठेवला आणि गुरुजींची फळी डोळ्यांपुढे आली एवढंच. आज ना उद्या ते कॅसेट लावतील आणि त्या जागेपाशी त्यांना वाटेल की ती जुनी झाली, आपलीच काही चूक झाली. ते कधीच माझ्यावर संशय घेणार नाहीत, हे मला जास्त टोचलं.

पोशेऱ्याचा जीपवाला तोच होता. "काय राह्यलं का बाय?"

"हो," मी म्हटलं.

गुरुजी अंगणात बसून डोसांचा तक्ता भरत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. यंत्राचं, उलट बाजूचं, आणि दुपारी 'झालं' म्हटलं त्याचंही. त्यांनी तक्ता बाजूला ठेवला. यमुनावहिनी दारात येऊन थांबल्या.

"कुठलं गाणं?" वहिनींनी विचारलं.

"चौथं."

"ते व्हय," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे पाहिलं. मग आत गेल्या.

"सांगायला परत आलात, ते बरं केलंत," गुरुजी म्हणाले. "पण वाईट झालं ताई. फार वाईट झालं."

ते उठले, आपला छोटा टेप घेऊन आले, सेल घातले आणि कॅसेट लावली. चौथं गाणं सुरू झालं. पियानो, मग मोठ्या बहिणीचा आवाज, एक ओळ, दुसरी ओळ. मग शांतता. नुसती टेप फिरल्याची खरखर.

गुरुजी गायला लागले.

इंग्रजी त्यांना वाचता येत असे, पण हे गाणं ते इंग्रजी कळायच्या आधी शिकले होते. शब्द नव्हते, शब्दांचे आवाज होते, दाभोशाच्या उच्चारांत. आणि ते मोठ्या बहिणीची चाल गात नव्हते. गात होते धाकटीची, जी तिच्याखाली हळू चालते, एका ठिकाणी जरा मागं राहते आणि मग येऊन मिळते. डोळे मिटलेले, बोट गुडघ्यावर. ज्या ओळीच्या मध्यात टेपवर गाणं पुन्हा उगवत होतं, तिथं ते नेमके पोचले. धाकटीचा आवाज त्यांच्या आवाजातून निघाल्यासारखा पुढे गेला आणि ते थांबले.

टेप बंद करून म्हणाले, "कळलं काय गेलंय ते. वरचं गेलं. खालचं माझ्याकडे आहे."

मी विचारलं, त्या मोकळ्या जागेत तुमचा आवाज भरून घेऊ का, निदान माझ्या कॅसेटवर?

"नको," ते म्हणाले. "त्यांच्या गाण्यात मी कशाला?"

मग त्यांनी खिशातल्या पेनाच्या टोकानं कॅसेटच्या पाठीवरचे ते दोन तुकडे मोडले आणि उंबऱ्याबाहेर टाकले. रात्री मी तिथंच राहिले. वहिनींनी भाकरी वाढताना हात आखडता घेतला नाही. सकाळी निघताना गुरुजी जीपपर्यंत आले. टेप त्यांनीच वर दिला. "मिळालं ते गाणं कुठं, तर पाठवा," म्हणाले.

नाशिकला पुढच्या रविवारी आम्ही पाचही जण जमलो. कॅसेट लावली, तिसरं गाणं झालं. चौथ्यातली शांतता आली तशी वसंतरावांनी टेपकडे हात नेला. मी त्यांना थांबवलं आणि काय झालं ते सांगितलं. पुढची तीन वर्षं मी ते गाणं मुंबई-पुण्याच्या दुकानांत शोधलं. शेवटी एका ओळखीच्या माणसानं परदेशातून कॅसेट आणून दिली. मी ती न उघडता पोशेऱ्याला पाठवली. एवढं मी करू शकत होते.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सुरुवातीला पोचल्याची पावती, शाळेची खबर, यमुनावहिनींचा नमस्कार. शेवटी लिहिलं होतं : 'मोठीचा आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकला. खूप छान आहे. आता मला तिच्याखाली गाता येत नाही, मध्येच थांबून ऐकत बसतो.'