जोडस्वरातला फरक

चूक माझीच. वडिलांच्या पेटीतले जोडस्वर, म्हणजे एकाच सुराच्या दोन-दोन रीड, तंतोतंत जुळवून घ्यायचा हट्ट मी धरला आणि पेटी निर्जीव वाजल्यावर ते काम करणाऱ्या द्वारका चौकाजवळच्या पेटीवाल्याला भर दुकानात म्हणालो, "मूळच्या रीड चोरल्यात तुम्ही."

त्याने आधीच बजावलं होतं, "साहेब, दोन रीडांत जरासा फरक असला की सुरात लाट उठते. घरातही तसंच. सगळे एकसारखे झाले की सामसूम." ती लाट तो डोळे मिटून गुडघ्यावर बोटाने मोजायचा.

आरोपावर त्याने फक्त पेटी उघडली. रीडांवर वडिलांनीच ओरखडलेली अक्षरं तशीच होती. मग त्याने एक रीड कानशीने हलकेच घासली. वडिलांचा सूर परतला. मी मात्र माफी न मागता पेटी घेऊन निघून आलो.

आठवड्याने गेलो, दुकानात गर्दी बघूनच. सगळ्यांदेखत हात जोडले.

"काका, चोर म्हणालो, चुकलो. माफ करा."