एका म्हशीचं ताक

आमच्या घरी मलई काढायची मशीन आली ती सासूबाईंच्या खांद्यामुळे. सासूबाईंना मी आत्या म्हणते. नळदुर्गच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत आमचं गाव. गोठ्यात म्हशी, आणि घर चालतं ते तुपावर. रात्री दूध विरजायचं, सकाळी घुसळायचं, लोणी कढवायचं. लग्न होऊन आल्यापासून आत्यांनी रवी ओढली, आणि गेल्या हिवाळ्यात त्यांचा उजवा हात वरच जाईना. डॉक्टरांनी रवीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. मग सगळं माझ्या एकटीवर आलं, आणि म्हशी तर मधल्या काळात वाढलेल्या.

नवऱ्यानं मोबाईलवर मशिनींचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. जेवताना, गोठ्यात, अंथरुणात, सतत तेच. मला बघायला आला होता तेव्हासुद्धा त्यानं एवढं निरखून बघितलं नव्हतं. मी आपलं एकच सांगत होते, की आपल्याकडे सकाळच्या लाईटचा भरवसा नाही. दूध कोमट असेपर्यंतच मलई नीट सुटते, थंड झालं की मशीनच्या आतल्या चकत्यांत चिकटून बसते. त्यानं मान हलवली आणि सोलापूरला जाऊन लाईटवरची, दुकानातली सगळ्यात मोठी मशीन घेऊन आला. नाही पटली तर बदलून देतो, असं दुकानदारानं सांगितलेलं होतं, तेवढं एक बरं.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मीही हरखले. एका तोटीतून दाट मलई, दुसरीतून निळसर पातळ दूध. त्या दुधाला सगळे सपरेट म्हणतात. मलईचं थेट तूप करायचं, सपरेट विरजून दही हायवेवरच्या धाब्यांना द्यायचं. घुसळायचं कामच उरलं नाही. त्या रात्री माझी पाठ किती दिवसांनी दुखली नाही.

राहिलं ताक. आमच्याकडे ताक विकत नाहीत. सकाळी गल्लीतल्या बायका तांब्या घेऊन येतात आणि आत्या उंबऱ्यात बसून वाढतात. मागणाऱ्याला त्यात कमीपणा नाही आणि देणाऱ्याला मोठेपणा नाही. फक्त एक रीत सगळे पाळतात, की दुसऱ्याच्या दारातून नेलेल्या ताकाला नाव ठेवायचं नाही. आंबट निघो, पातळ निघो, गपगुमान भाकरीवर घ्यायचं.

नवऱ्यानं तोड काढली. सपरेटच्या दह्यात पाणी घालून फिरवलं की झालं ताक. दिसायला पांढरंशुभ्र. आत्यांना आंबट वर्ज्य होतं आणि मला सकाळी चहाशिवाय काही उतरत नाही, त्यामुळे चव कुणी घेतलीच नाही. बायका आल्या, घेऊन गेल्या. मग हळूहळू तांबे कमी व्हायला लागले. कुणाच्या सुनेनं माहेराहून दही आणलं होतं. कुणाला खोकला झाला होता. समोरच्या घरातल्या म्हातारीला खोकला, तिच्या जावेला खोकला. ऐन चैत्रात अख्ख्या गल्लीला खोकला झाला आणि आमच्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

आत्या मात्र रोज भरलेलं पातेलं घेऊन उंबऱ्यात बसायच्या. ऊन अंगावर आलं की उठायच्या. एक दिवस त्यांनी ओंजळीत घोटभर ताक घेतलं, प्यायल्या, आणि पातेलं म्हशींच्या गव्हाणीत रिकामं केलं. दुपारी मी भाकऱ्या थापत होते तेव्हा जवळ येऊन बसल्या.

“खांदा गेला त्याचं मला काय न्हाय,” म्हणाल्या. “पर दारात कुनी येईना झालंय गं. सकाळी उठून बसू कुनासाठी?”

माझी भाकरी तव्यावर करपली. मला मशीनचा राग आला, खोकणाऱ्या बायकांचा आला, आणि सगळ्यात जास्त नवऱ्याचा आला, कारण तो हाताशी होता. संध्याकाळी त्याला म्हटलं, मशीन बदलायची. तो म्हणाला, त्यात काय, एका म्हशीचं दूध बाजूला ठेवू, त्याचं पहिल्यासारखं ताक कर, मशीन राहू दे. मी म्हटलं, आज ठेवाल. दिवाळीला तुपाची मागणी आली की तेही ओताल. मशीन एवढी मोठी आहे की तिचं पोट भरतच नाही. मशीन एवढी लहान पाहिजे की दूध कोमट आहे तोवर सगळं तिच्यातून निघूच नये, एका म्हशीचं बाहेरच राहावं.

त्याला ते पटलं की माझ्या तोंडाला तो कंटाळला, माहीत नाही. पण सोलापूरला दोघं गेलो. लहानीची मोठी मशीन करायला लोक येतात, मोठीची लहान मागणारे तुम्हीच पहिले, असं दुकानदार म्हणाला. मी हातानं फिरवायची निवडली. तिच्या दांड्याला घंटी असते. वेग कमी आहे तोवर घंटी वाजत राहते, हवा तेवढा वेग आला की गप्प होते, मग दुधाची तोटी सोडायची. दुकानातच मी ती रिकामी फिरवून बघितली. घंटी गप्प झाली तेव्हा नवरा म्हणाला, तुझ्यापेक्षा ही लवकर ऐकते.

शिंग मोडलेल्या म्हशीचं दूध सगळ्यात दाट. ते त्या रात्री वेगळं विरजलं. सकाळी मी डेरा घेऊन स्वयंपाकघरात बसले, तर आत्यांनी तो ओसरीवर, अगदी दाराजवळ मांडायला लावला. आवाज बाहेर जाऊ दे, एवढंच म्हणाल्या. ताक न्यायला या म्हणून हाक मारणं त्यांच्या स्वभावात नाही. मी रवी ओढायला लागले. बऱ्याच दिवसांनी गल्लीत घुसळण्याचा आवाज गेला असेल. आत्या उंबऱ्यात बसून रस्त्याकडे न बघता बघत होत्या.

पहिलं ताक पातेल्यात काढून मी उरलेलं दही घुसळायला घेतलं, तेव्हा समोरची म्हातारी पहिली आली, पदराआड तांब्या धरून. आत्यांनी डाव्या हातानं ताक वाढलं, वर लोण्याचा गोळा सोडला आणि विचारलं, “खोकला कसा हाय?”

“गेला की,” म्हातारी म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. माझे डोळे भरून आले, पण रवीची दोरी दोन्ही हातांत होती, पुसणार कशानं. म्हातारीच्या मागं तिची जाऊ दिसली, तिच्या मागं आणखी कुणीतरी. मी जरा थांबले तशा आत्या माझ्याकडे वळल्या.

“हात चालव गं,” म्हणाल्या. “दारात मानसं खोळंबल्यात.”