आबांच्या हातातली धार

‘कॅन म्हणजे शकणे’ हे मी वर्षानुवर्षं वर्गात पोरांकडून घोकून घेते. इंग्रजीची बाई ना मी! मध्यंतरी एका जाडजूड शब्दकोशात वाचलं, की मुळात कॅनचा अर्थ होता ‘ठाऊक असणे’. अंगात बळ असणे हे काम ‘मे’कडे होतं. पुढं कॅननं तेही बळकावलं. एरवी हे वाचून मी चहा टाकायला उठले असते. पण तेव्हा आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, अंगावरून नुकतंच वारं गेलं होतं आणि उजवा हात लुळा पडला होता.

संध्याकाळी म्हैस गल्लीच्या कट्ट्यावर न्यायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची, हा आबांचा जन्माचा धंदा. म्हैस मोठी मानी. दुसरं कुणी बसलं की लाथच. भावानं पुढ्यात खायला आंबोण ठेवलं, चुचकारलं, आबांचा सदरासुद्धा घालून बसला. छे! बया कुठली फसतेय? कास तटतटून फुगली. शेवटी भाऊ म्हणाला, “वडगावच्या बाजारात नेतो.”

आबा खाटेवरून कडाडले, “इकायची न्हाय! मला येतंय की धार काढाय. न्या मला गोठ्यात.”

आम्ही दोघांनी धरून त्यांना स्टुलावर बसवलं. आबांनी डाव्या हातानं तिची पाठ थोपटली. “काय गं, रुसलीस व्हय?” एवढंच म्हणाले. म्हशीनं मान वळवून त्यांना हुंगलं आणि पान्हा सोडला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

आबांनी लुळा हात डाव्या हातानं उचलून सडाला लावला. बोटं मिटेनात. डाव्या हातानं, अंगठा आत दुमडून, सड धरायला गेले, तर तोल जाऊन तिच्या पोटावरच कलंडले. ती हलली नाही. भाऊ हळूच शेजारी टेकला, तशी तिनं पान्हा चोरला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, “आबा, तुम्ही विसरला नाही हो काही.”

“इसरलो असतो तर बरं झालं असतं, पोरी.”

मला रडू आवरेना. कॅन आणि मे यांची ताटातूट शब्दकोशात वाचायला बरी, बापाच्या अंगावर बघवत नाही.

मग आबाच भावाला म्हणाले, “ने बाजारला. पर घेणाऱ्याला सांग, आदी पाठीवरनं हात फिरव म्हणावं, मग बस.”

म्हैस गेली. दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळेला मी त्यांना चहा नेला, पिशवीच्या दुधाचा. आबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. उजवा हात निपचित होता. डाव्या हाताची मूठ मात्र, अंगठा आत दुमडून, हळूहळू मिटत होती, उघडत होती.