बेकायदा हजेरी

"म्हणजे नक्की काय?" हे विचारताना बाई चष्मा नाकावर खाली ओढायच्या आणि काचांच्या वरून समोरच्याकडे बघायच्या. भाजीवाला म्हणाला, "ताजी आहे बाई," की चष्मा खाली. "ताजी म्हणजे नक्की कधीची? आजची की कालची?" केबलवाला "जरा वेळानं येतो" म्हणाला की, "जरा म्हणजे नक्की किती?" आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत त्या पहिल्या रांगेत बसत. सेक्रेटरी "काही अपरिहार्य कारणांमुळे" असं वाचायला लागला की त्याची स्वतःचीच नजर आधी बाईंकडे जायची. तुमच्याही सोसायटीत अशा एक बाई असतील. नसतील, तर पाण्याच्या टाकीचं काम तुमच्याकडे दर दोन वर्षांनी नव्यानं निघत असेल.

बाई शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. प्रेम दुसऱ्या विषयावर. तो विषय मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी उरकतात याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. यजमान लवकर गेले. एकुलता एक मिलिंद कॉम्प्युटर इंजिनियर होऊन अमेरिकेला गेला. त्या वर्षांत आमच्या जिन्यात ते जवळजवळ सक्तीचंच होतं. बॅगा तोलायचा एक काटा होता, तो या घरातून त्या घरात फिरत असे.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो आणि शिवाजीनगर कोर्टात घरमालक-भाडेकरूंची भांडणं चालवतो. एका रविवारी बाई आल्या. चहा नको म्हणाल्या, म्हणजे काम गंभीर होतं.

"वकील, एक शंका आहे. मिलिंदची कंपनी बुडाली. नोकरी गेली. काल फोनवर म्हणाला, आई, मी आउट ऑफ स्टेटस आहे. म्हणजे नक्की काय?"

"मी भाड्याची प्रकरणं बघतो, बाई. अमेरिकेचं मला काय कळणार?"

"कायदाच आहे ना तोही? मग शोधा."

शोधलं मात्र बाईंनीच. पौड रस्त्यावरच्या एका सायबर कॅफेत त्या जाऊन बसू लागल्या. आजूबाजूला कॉलेजची पोरं कानाला हेडफोन लावून, आणि मध्ये बाई, काठापदराची साडी, हातात पर्स. अप्पा बळवंत चौकातून त्यांनी इंग्रजी कायद्याचा एक जाडजूड शब्दकोश आणला. तो घेऊन दर रविवारी त्या माझ्याकडे येत, आणि खरं सांगतो, मी वाट बघायला लागलो होतो.

हळूहळू प्रकार उलगडला. सीमेवरून चोरून शिरणं हा तिथे गुन्हा. पण जो रीतसर दारातून आला, शिक्का मारून घेतला आणि मग मुदत संपूनही राहिला, त्याचं नुसतं राहणं हा गुन्हा नव्हे. त्याला परत पाठवता येतं, ते वेगळं. आणि मिलिंद तर अजून तिथवरही पोचला नव्हता. नोकरी गेली म्हणून दर्जा गेला होता, पण विमानतळावर मिळालेल्या कार्डावरची तारीख अजून उलटायची होती. ती उलटली की मग सुरू होणार ते वेगळंच. त्याला इंग्रजीत जे म्हणतात त्याचं बाईंनी मराठी केलं, "बेकायदा हजेरी."

"उपस्थिती म्हणा," मी सुचवलं.

"उपस्थिती समारंभाला असते. ही हजेरीच." मग त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "जन्मभर मी गैरहजेरीबद्दल मुलांना शिक्षा केली. हजर राहण्याबद्दलही असते हे आत्ता कळतंय."

त्यांना याचा राग नव्हता आला, नवल वाटत होतं. "आमच्या पुस्तकात दोनच होते. नागरिक आणि परकीय. फरक स्पष्ट करा, दोन गुण. मग हे मधले सगळे कुठे होते इतके दिवस?"

मी माझ्या धंद्यातलं उदाहरण दिलं. कुलूप तोडून घरात शिरलेला माणूस आणि कराराची मुदत संपल्यावरही बसून राहिलेला भाडेकरू, दोघांनाही बाहेर काढता येतं, पण कायदा दोघांना एक समजत नाही.

"म्हणजे माझा मुलगा भाडेकरू आहे."

"मुदत संपत आलेला."

"पुण्यात असता तर तीन पिढ्या बसला असता," बाई म्हणाल्या आणि शब्दकोश उचलून गेल्या.

एकदा त्यांनी विचारलं, आपल्याकडे कसं आहे? मी सांगितलं, आपल्याकडे परदेशी माणूस व्हिसा संपल्यावर राहिला तर तो गुन्हाच, तुरुंगही होऊ शकतो. बाईंनी शब्दकोश मिटला. "आणि मी वर्गात सांगत होते, आपण फार पाहुणचारवाले," एवढंच म्हणाल्या.

बातमी जिन्यात पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या ब्लॉकमधल्या गृहस्थांनी एका सकाळी त्यांना गाठलं. "मिलिंद तिकडे बेकायदेशीर आहे म्हणे?" बाईंच्या हातात मेथीची जुडी होती. त्या थांबल्या. "अहो, माणूस बेकायदेशीर नसतो. काम असतं. तुम्ही गॅलरी बंद करून खोली काढलीत, ती खोली बेकायदेशीर आहे. तुम्ही नाही." गृहस्थ पुन्हा कधी चौकशीला आले नाहीत.

तारीख उलटली. मिलिंद एका किराणा दुकानात मिळेल ते काम करू लागला. बाईंना मी तेव्हा त्याला परत बोलावून घ्या म्हणालो होतो. पण मध्ये एक गोष्ट घडली होती. त्याचं एका मराठी मुलीशी जमलं होतं, आणि ती वर्षा-दोन वर्षांत तिथली नागरिक होणार होती. मग लग्न, मग त्याचेही कागद. तो रीतसर दारातून आलेला असल्यामुळे कायदा तेवढी वाट मोकळी ठेवत होता. अट एकच. तोवर त्यानं देश सोडायचा नाही. वर्षभराहून जास्त बेकायदा हजेरी झालेला माणूस बाहेर पडला, की दहा वर्षं परत यायला बंदी.

"म्हणजे राहिलं तर नाही, निघालं की शिक्षा?" बाईंना हे नियमातलं सर्वांत विलक्षण कलम वाटलं. त्या दोन रविवार त्यावरच बोलत होत्या. "त्यानं फक्त हलायचं नाही, एवढंच ना? ते त्याला जमेल. लहानपणी फोटो काढताना फार छान उभा राहायचा."

मग, तारीख उलटून वर्ष होऊन गेल्यावर, एका रविवारी त्या शब्दकोश न घेता आल्या.

"वकील, एक शंका. माझ्या पोटात गाठ निघाली आहे. पसरली आहे म्हणतात. हे मी मिलिंदला सांगितलं नाही, तर तो कुठल्या कायद्यानं गुन्हा होतो का?"

"गुन्हा नाही," मी म्हणालो. "पण त्याला कळायला हवं, बाई. तो तुमचा मुलगा आहे."

"कळलं तर येईल. म्हणूनच सांगायचं नाही. वर्षभराचा तर प्रश्न आहे." डॉक्टरांनी वर्षाबद्दल काय सांगितलं होतं, ते मी विचारलं नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त रडू येत होतं.

महिनाभरानं मिलिंदचा मलाच फोन आला. "काका, आईला काय झालंय?"

"का रे?"

"मी विचारलं कशी आहेस, तर म्हणाली, ठीक आहे. मी म्हटलं, ठीक म्हणजे? तर म्हणाली, ठीक म्हणजे ठीक. काका, माझी आई असं बोलत नाही."

मी बाईंना शब्द दिला होता. त्यामुळे मी काहीच बोललो नाही. मग तो म्हणाला, "कळलं," आणि फोन ठेवला.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते हॉस्पिटलात, संध्याकाळी भेटीच्या वेळेला. त्या खूप बारीक झाल्या होत्या. मी पेपर वाचून दाखवत होतो, तेवढ्यात मिलिंद दारात आला. विमानतळावरून थेट. खांद्याला सॅक, दाढी वाढलेली. बाईंनी चष्मा मागितला, लावला आणि त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय करून आलास, कळतंय ना?"

"कळतंय."

"दहा वर्षं."

"माहीत आहे, आई."

"आणि ती?"

"थांबेन म्हणते. बघू."

बाईंनी पलंगावर कडेला थोडं सरकून जागा केली आणि तो तिथे टेकला. दोघंही एकमेकांकडे न बघता बसून होते. मी उगीच पेपरची घडी करत राहिलो.

वॉर्डातल्या मावशी टाळ्या वाजवत आल्या. "चला, वेळ संपली. बाहेरच्यांनी खाली जायचंय." मग मिलिंदकडे बघून म्हणाल्या, "तुमचा पास कुठाय?"

"घेतला नाही."

"मग वर आलात कसे? उठा बरं. नियम सगळ्यांना सारखा."

मी बाईंकडे पाहिलं. नियमाच्या बाजूनं त्या बोलल्या नाहीत असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मिलिंदच्या शर्टाची बाही मुठीत धरली.

"राहू दे त्याला."

"अहो आजी, पास नाही त्यांच्याकडे. वेळ पण संपलीये."

"संपू दे."

"पण हे आहेत कोण?"

"माझा आहे," बाई म्हणाल्या.

मावशींनी त्या मुठीकडे पाहिलं, आणि मला तेवढं बाहेर काढलं.