मार्थामावशीची कोंबडी

गड्यांनो, दुपारपासून हा कागद लिहायचं टाळतोय. मधेच उठून ओढ्यापर्यंत भटकूनही आलो. वाचून झाला की पुढच्याकडे धाडा.

बेलापूरजवळच्या वाडीत मी मार्थामावशीकडे राहतो. आज इथल्या ख्रिस्ती मंडळींची कापणीची उपासना होती. पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, तापाने पडलेले, म्हणून बायबलातलं शास्त्र वाचायला मला उभं केलं. मी देव मानत नाही हे साऱ्यांना ठाऊक, पण वाचता येतं ना.

पुढे कणसं, भोपळे, अंडी मांडलेली. मावशीने पाय बांधलेली कोंबडी आणली होती, लढाईवर गेलेल्या लेकासाठी नवस बोललेली. देवाशी असला सौदा बघून मला चीडच आली. नेमून दिलेला भाग सोडून मी जुन्या इस्राएलातल्या एका संदेष्ट्याचं पान काढलं. तिथे देवच म्हणतो की तुमचे सण, अर्पणं, गाणी मला नकोत. तेवढंच मोठ्याने वाचलं आणि पुस्तक मिटलं.

 मग मावशी उठली, कोंबडी काखेत मारली. "त्येला नगं, मंग माझं पोरगं राखायचं कुनी?" म्हणाली आणि निघून गेली.

ओढ्यावरून परत येऊन मी त्यांच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, ओट्यावरच बसलोय. घरी जायचं धाडस नाही. त्याच पानावर पुढे देव न्यायाने वागणारी माणसं मागतो. ते मी मुद्दाम गाळलं, आणि मला पटतं ते नेमकं तेवढंच. तुम्ही काय केलं असतं?

थांबा. मावशीच आलीय, कोंबडीसकट. म्हणते, "भाकर गार झाली, मुडद्या. पन आदी त्येला हवंय तरी काय, त्ये वाच."