सासू, जावई आणि एकच चर

अपोलोनियाच्या टोपलीतल्या अर्ध्या अळकुड्या सोलून झाल्या होत्या आणि अर्ध्या तशाच मातीने माखलेल्या होत्या, तेवढ्यात विमानं आली. सूर्य रानबदामाच्या शेंड्यावर आला की ती यायचीच.

एकोणीसशे त्रेचाळीस साल सरत होतं. खाली पॅसिफिकमधल्या आमच्या बुका बेटाच्या किनाऱ्यावर जपान्यांची धावपट्टी होती आणि तिच्यावर अमेरिकनांचा डोळा. झुंजावं दोन रानडुकरांनी आणि वाफे तुडवले जावेत तिसऱ्याचे, तशी आमच्या गावाची गत.

हातातला सोलायचा शिंपला टाकून अपोलोनियाने इरलं डोक्यावर ओढलं आणि घरामागच्या आपल्या लपायच्या चराकडे धावली. चरात तिचीच डुकरीण आठ पिल्लं घेऊन ऐसपैस पसरली होती. पहाटेच व्यालेली.

"हाड्! हाड् म्हणते ना!"

डुकरिणीने दात दाखवले.

दुसरा चर वीस पावलांवर होता. त्यात तिची लेक टेकला बसली होती, आठवा महिना लागलेली. पण शेजारी जावई सिल्व्हेस्टर होता, आणि तिथेच घोडं अडलं. आमच्याकडे जावयाने सासूचं तोंड पाहायचं नाही, नाव घ्यायचं नाही, सरळ बोलायचं नाही. म्हणून तर चर दोन खणले होते. लग्नाला दोन वर्षं झाली, पण त्याने सासूचं पाहिलं ते फक्त इरलं. ती वाटेत दिसली की तो झाडीत शिरे. एकदा घाईत काटेरी वेतात शिरला, तर टेकला दोन दिवस त्याचे काटे काढत होती.

"आई, ये ना गं आत!" टेकला ओरडली.

"कशी येऊ? तिथे पुरुष माणूस आहे."

"पुरुष माणूस काय, माझा नवरा आहे तो!"

"तेच तर म्हणते मी."

वर दोन विमानं एकमेकांच्या पाठी लागली होती. रिकामी काडतुसं छपरावर गारांसारखी पडत होती. अपोलोनिया नारळाच्या बुंध्याला चिकटून उभी राहिली. देवाने बोलावलं तर जाऊ, पण अब्रू घेऊन जाऊ, असा तिचा हिशेब.

इतक्यात चरातून जावयाचा आवाज आला, बायकोशी बोलण्याच्या निमित्ताने चांगलाच मोठा. "टेकला, बाहेर कुणी असेल तर त्यांना सांग, मी जागा सोडतो."

आणि केळीचं पान डोक्यावर धरून तो खरंच बाहेर आला. पाठ फिरवून पलीकडच्या नारळाला चिकटला.

"टेकला, त्या गृहस्थांना म्हणावं आत जा. माझी लेक विधवा करायची नाही मला."

"टेकला, त्यांना सांग, आधी त्यांनी जावं. लोक म्हणतील, सासू उघड्यावर आणि जावई बिळात!"

"मी कुणाला काही सांगणार नाही!" टेकला किंचाळली. "मरा दोघं आपापल्या मानापायी! दोन-दोन कबरी खणायच्या कुणी? या पोटाने मी?"

वाफ्यांपलीकडे बॉम्ब पडला. मातीचा पाऊस आला, जावयाच्या पानाच्या चिंध्या झाल्या. टेकलाने एक गुडघा चराच्या काठावर ठेवला.

"चर रिकामाच ठेवायचा असेल, तर मीही येते. तिघं मिळून उभी राहू."

लाज अपोलोनियाची एकटीची होती. पोटातलं बाळ मात्र, आमच्या रीतीने, आईच्या कुळाचं, म्हणजे अख्ख्या घराण्याचं. तिने धावत जाऊन लेकीला आत ढकललं, मागून स्वतः उडी घेतली.

"टेकला, त्या गृहस्थांनाही ओढ!"

दोघं दोन भिंतींकडे तोंड करून बसली. मध्ये टेकला, दोन पाठींत चेंगरलेली. अपोलोनियाने जपमाळ काढली आणि नमो मारियेच्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हटला. उरलेला टेकलाने म्हणायचा, पण ती हुंदके देत होती. तो अर्धा भाग पलीकडच्या भिंतीकडून आला, जाड आवाजात, एकही शब्द न गिळता.

अपोलोनिया थबकली. पण तो बोलला होता मारियेशी, तिच्याशी नव्हे! तिने पुढचा मणी धरला. दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या फेरीत तिला धीर आला.

"नमो मारिये, कृपापूर्णे, आणि कुणाचं तरी कोपर माझ्या पाठीत रुततंय, त्याला बुद्धी दे."

"हे पवित्र मारिये, ते कोपर तुझ्या टेकलाचं आहे."

टेकलाला रडता रडता हसू फुटलं.

विमानं गेली. आधी कुणी निघायचं, हा पुन्हा पेच. शेवटी जावई डोळे मिटून बाहेर पडला आणि थेट नारळावर आदळला. अपोलोनियाने काही पाहिलं नाही, आवाज मात्र ऐकला.

"टेकला, प्रार्थना म्हणजे काही बोलणं नव्हे, हो ना?"

"मारियेलाच विचार."

"उद्याही येतील गं ही विमानं."

"रोजच येतात, आई. आणि तुझी डुकरीण काही महिनाभर हलायची नाही."

अपोलोनियाने चराची लांबी नजरेने मापली. मध्ये एक कूड घालावा लागेल. फार जाड नको, प्रार्थना ऐकू आली पाहिजे. तिने कोयता घेतला आणि बांबू तोडायला ओढ्याकडे निघाली.